जाताना कान जपा, येताना घड्याळ

इंदूरहून उडालेल्या विमानात शेवेचं पाकीट नाही, असं सहसा होत नाही. पुण्याच्या मावशीसाठी म्हणा, नाहीतर वाटेत आपल्यालाच चघळायला म्हणून, कोणाच्या ना कोणाच्या पिशवीत लौंग शेव असतेच. विमान वर पोचलं की ते पाकीट बाहेर काढून बघा. दुकानातून घेताना सैल असलेलं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं असतं. उलटा प्रयोगही करता येतो. वर असताना पाण्याची बाटली संपवा आणि झाकण घट्ट लावून ठेवा. खाली उतरेपर्यंत तिच्या पोटात खळगे पडलेले असतात.

पाकिटाचं आणि बाटलीचं जे होतं तेच आपल्या शरीरातल्या बंद पोकळ्यांचं होतं. पडद्यामागचा मध्यकर्ण, कपाळाच्या आणि गालांच्या हाडांतले सायनस, फुफ्फुसं, आतडी, इतकंच काय, किडलेल्या दाढेतली भरणाखालची पोकळीसुद्धा. या सगळ्या ठिकाणी हवा असते. बाहेरचा दाब वाढला की ती आकसते आणि कमी झाला की पसरते. रॉबर्ट बॉइलने 1662 साली मांडलेला हा नियम शाळेत पाठ करून आपण विसरलो, पण कान तो विसरत नाहीत.

आता थोडं गणित. प्रवासी विमान पस्तीस हजार फुटांवरून जात असलं तरी आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावा तितका राखलेला असतो. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भरतो. म्हणजे फरक पाव वातावरणाचा. पाण्यात मात्र दर 10 मीटरला एक अख्खं वातावरण वाढतं. तेव्हा विमान अर्ध्या तासात कानांना जेवढा फरक सोसायला लावतं, तेवढा तरणतलावाच्या खोल बाजूला अडीच मीटर बुडी मारली की दोन-तीन सेकंदांत सोसावा लागतो. महेश्वरच्या घाटावरून सूर मारणाऱ्या पोरांना कान ‘चावल्या’चा अनुभव असतो तो यामुळेच.

हे सगळं इंदूरकरांना सांगायचं कारण वेगळं आहे. आपण समुद्रापासून लांब, माळव्याच्या पठारावर साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो. समुद्र बघायचा तर चार दिवसांची सुट्टी काढून जायचं. हल्ली त्या चार दिवसांत स्कूबा आलंच. विमानाने गोवा, तिथून गाडीने मालवण-तारकर्ली, दोन दिवस मासे आणि सिंधुदुर्ग किल्ला, तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याखाली फोटो आणि चौथ्या दिवशी पहाटे परतीचं विमान. हे वेळापत्रक मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्यातली चूक कोणाला चूक वाटतच नाही. जाताना कान धोक्यात आणि येताना रक्त. दोन्ही टाळता येतं आणि त्यासाठी खर्चही काही नाही.

आधी कान. मध्यकर्णातून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशात उघडते. तिला युस्टेशियन नळी किंवा कर्णनलिका म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. विमान चढताना कानातली हवा पसरते आणि आपोआप ढकलून बाहेर पडते, म्हणून चढताना त्रास थोडा. उतरताना मात्र आत दाब कमी आणि घशात जास्त असतो. नळीचं तोंड अशा वेळी पिचकतं. ते उघडायला टाळूचे स्नायू हलावे लागतात, म्हणजे आवंढा गिळणं किंवा जांभई देणं. तेही झालं नाही तर पडदा आत ओढला जातो, दडे बसतात, दुखतं. फारच ताण पडला तर आत पाणी किंवा रक्त साठतं आणि क्वचित पडदा फाटतो.

मानपूरचा घाट उतरून निमाडात जाताना दडे बसतात तेही असेच, फक्त सौम्य. आणखी एक बारकावा ध्यानात घ्या. इंदूरला उतरताना केबिन आठ हजारांवरून अठराशे फुटांपर्यंतच येते, पण गोव्याला किंवा मुंबईला उतरताना जवळपास शून्यापर्यंत. त्यामुळे समुद्राकडे जाणारं उतरणं कानांना घरी परतण्यापेक्षा जास्त जड जातं.

यावर उपाय सोपे आहेत, पण ते दुखायला लागण्याआधी करायचे असतात. विमान खाली येऊ लागलं की चॉकलेटची गोळी चघळा, घोट घोट पाणी प्या. झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो, म्हणून उतरताना झोपू नका. तान्ह्या बाळाला नेमकं त्याच वेळी अंगावर पाजा नाहीतर बाटली द्या. ‘झोपलंय, झोपू दे’ ही माया इथे उपयोगाची नाही. एवढ्याने भागलं नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून फुंकल्यासारखं करा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या अंतोनिओ वाल्साल्वा या शरीरशास्त्रज्ञाने वर्णन केलेली ही युक्ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. ‘हलकेच’ हा शब्द मात्र गाळू नका. जोर लावून, गाल फुगवून, तोंड लाल होईपर्यंत फुंकलं तर आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटून ऐकणं आणि तोल दोन्ही बिघडू शकतात. त्यापेक्षा नाक धरून आवंढा गिळणं अधिक सौम्य.

पडसं झालेलं असताना नळीच सुजलेली असते, मग कुठलीही युक्ती चालत नाही. जमत असेल तर प्रवास दोन-चार दिवस पुढे ढकला. जाणं भागच असेल तर नाक मोकळं करणारा स्प्रे उतरण्याच्या अर्धा तास आधी वापरता येतो. मात्र रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांसाठी तो डॉक्टरांना विचारूनच. उतरल्यावरही दडे राहिले तर आजीचं कोमट तेल, लसणाचं तेल कानात घालू नका. पडदा फाटला असेल तर तेल सरळ मध्यकर्णात जातं. दोन-तीन दिवसांत दडे मोकळे झाले नाहीत, कानातून रक्त किंवा पाणी आलं, ऐकू कमी आलं किंवा गरगरायला लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

विमानातला दाब राखणारी यंत्रणाच चुकली तर काय होतं, ते 20 सप्टेंबर 2018 रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दिसलं. विमान चढत असताना केबिनमधला दाब राखण्यासाठीचा स्विच लावायचा राहून गेला. ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि विमान मुंबईला परत फिरलं. 166 प्रवाशांपैकी सुमारे तिसांना नाकातून, काहींना कानातून रक्त आलं, अनेकांची डोकी ठणकली. असं क्वचितच घडतं. पण घडलं तर आपल्या हाती एवढंच असतं: मास्क आधी स्वतःच्या तोंडावर, मग शेजारच्या मुलाच्या. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की शुद्ध काही सेकंदांत धूसर होऊ लागते आणि मग मुलाला मास्क लावायला हातच उरत नाहीत.

आता गोव्यात किंवा मालवणात पोचलात. पहिला नियम असा की विमानातून उतरताना बसलेले दडे पूर्ण मोकळे झाल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. ‘पाण्यात गेलं की सुटतील’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पैसे भरलेत म्हणून जाणं म्हणजे शंभर रुपये वाचवायला गाडीखाली झोपण्यासारखं आहे.

पाण्यात सर्वांत कठीण असतात ते पहिले तीन मीटर. तिथे प्रमाणात सर्वाधिक फरक पडतो. शून्यापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो आणि पोकळीतली हवा निम्मी. पुढच्या 10 मीटरांत ती निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते. म्हणून सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक हातभर अंतराला नाक धरून कान मोकळे करा, दुखायची वाट न बघता. एक कान सुटला नाही तर इन्स्ट्रक्टरला हाताने कानाकडे खूण करा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. दोन-तीनदा जमलं नाही तर वर या आणि बोटीत बसा. तारकर्लीसारख्या ठिकाणी पर्यटकाला इन्स्ट्रक्टर धरून नेतो. तो अनुभवी असतो, पण तुमच्या कानातलं दुखणं त्याला दिसत नाही. ते तुम्हीच सांगायला हवं.

कानात बोळे किंवा पोहायचे इअरप्लग घालून कधीही खाली जाऊ नका. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये आणखी एक बंद पोकळी तयार होते. पोहायचा गॉगलही चालत नाही, कारण त्यात नाक नसतं. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत असतं ते याचसाठी: खाली जाताना नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडायची. ती सोडली नाही तर मास्क तुंबडीसारखा चेहऱ्याला चिकटतो आणि वर आल्यावर डोळे रक्ताळलेले, भोवती काळेनिळे दिसतात. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा काही दिवसांत बरं होतं. दाढ दुखत असेल किंवा रूट कॅनाल अर्धवट असेल, तर आधी दंतवैद्य, मग समुद्र.

हे सगळं खाली जाण्याचं. वर येण्यातला धोका याहून मोठा आहे, आणि त्याबद्दल एकच वाक्य पाठ करा: टाकीतली हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटरांवर भरलेलं फुफ्फुस पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघतं. तोंड मिटलेलं असेल तर ते फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूकडे जातात. घाबरून तोंडातला माउथपीस टाकून, श्वास कोंडून, धडपडत वर येणारा माणूस वर पोचल्यावर काही मिनिटांतच बेशुद्ध पडतो किंवा त्याची एक बाजू लुळी पडते, ती यामुळे. त्यासाठी फार खोली लागत नाही. एक-दीड मीटरवरूनही हे झालेलं आहे. एरवी बिनटाकीची बुडी मारताना श्वास धरायची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. नदीत पोहणाऱ्यांची ही सवय इथे उलटी पडते. दमा, पूर्वी फुफ्फुस खचलेलं असणं, फिट्स येणं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर नोंदणीच्या फॉर्मवर खरं लिहा. त्या फॉर्मवर न वाचताच सही करायची नसते.

आता येताना. खोल पाण्यात, दाबाखाली, आपण श्वासातून घेतलेला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. हळूहळू वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आलं किंवा वर आल्यावर लगेच आणखी कमी दाबात गेलं, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीतळाशी, दाबाखालच्या पेट्यांमध्ये काम करणारे मजूर सांधेदुखीने वाकून चालत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः 1872 मध्ये या विकाराने खिळला. 1883 मध्ये पूल उघडेपर्यंत तो खिडकीतूनच काम बघत राहिला. सांध्यांच्या या दुखण्याला इंग्रजीत ‘बेंड्स’ म्हणतात ते त्याच वाकण्यावरून. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 साली हळू हळू वर येण्याची कोष्टकं तयार केली. डायव्हरांच्या आजच्या मनगटी संगणकांचे नियम त्याच विचाराच्या वाटेवरचे आहेत.

आपल्यासारख्या पर्यटकाला कोष्टकांची गरज नाही, घड्याळाची आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनात विमानात बसण्यापूर्वी थांबायचे किमान तास दिलेले आहेत: एकच साधी डाइव्ह असेल तर 12, एका दिवसात अनेक किंवा सलग दिवसांच्या डाइव्ह असतील तर 18, आणि पाण्याखाली ठरावीक थांबे घ्यावे लागणारी डाइव्ह असेल तर 18 पेक्षा बरेच जास्त. म्हणून डाइव्ह पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी करा. शेवटचा दिवस किल्ला, बाजार आणि सोलकढी यांना द्या. मी सांगत असलेल्या सगळ्यात हे एक वाक्य पाळलं तरी बरंच झालं.

‘मग विमान नको, गाडीने जाऊ’ असं कोणी म्हणेल. पण कोकणातून पूर्वेकडे बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता घाटाने वर चढतो. आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे, गोव्याहून बेळगावला जाणारा चोर्ला घाट सुमारे 800 वर. डायव्हिंगनंतर 600 मीटरपेक्षा वर जाणं हे लहान विमानात बसण्यासारखंच समजलं जातं. दुपारी डाइव्ह आणि रात्री आंबोली, असं वेळापत्रक नको. रेल्वेने जाणाऱ्यांना इथे एक गंमत साधते. कोकण रेल्वे किनाऱ्याच्या कडेने मुंबईला येते आणि मुंबईहून इंदूरची अवंतिका एक्सप्रेस गुजरातच्या सपाटीवरून वडोदरा-रतलाम करत, पहाटे पहाटे माळव्यात चढते. इंदूरही 600 च्या आतच. तोवर शरीरातला नायट्रोजन बहुतेक मोकळा झालेला असतो. अवंतिकेने आलात तर घड्याळ आपोआप पाळलं जातं, शिवाय रात्रभर झोपही.

दाबाचा एक धोका पाण्याशी संबंधच नसलेल्या लोकांना असतो. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा फुगा सोडलेला असेल, तर तो विरघळेपर्यंत विमान पूर्ण वर्ज्य. वायूच्या प्रकाराप्रमाणे याला काही आठवडेही लागतात. तो फुगा पसरला तर डोळ्याचा दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. निमाडातून इंदूरला येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी फेरतपासणीसाठी घाट चढून येण्याआधी डॉक्टरांना हे नक्की विचारावं. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून परत येणाऱ्यांनी तर तिकीट काढायच्या आधीच. हात-पाय मोडून नुकतंच पूर्ण प्लास्टर घातलं असेल तर तेही विमान कंपनीला सांगा. पहिल्या एक-दोन दिवसांत ते चिरलेलं असावं अशी अट असते, कारण प्लास्टरखाली अडकलेली हवा आणि सूज पायाला आवळतात. आणि पोटाचं म्हणाल, तर आतड्यातला वायूही एक तृतीयांशाने वाढतो. पहाटेच्या विमानाआधी पोहे-जिलेबी चालेल, पण त्यावर थंड सोडा नको. शेजाऱ्याचाही विचार करा.

डाइव्हनंतर काहीही वेगळं वाटलं, तर ते थकव्याच्या माथी मारू नका. खांदा किंवा कोपर आतून ठणकणं, मुंग्या येणं, पायातली ताकद जाणं, चक्कर, बोलणं अडखळणं, श्वास लागणं, कातडीवर चट्टे, लघवी न होणं: ही लक्षणं बहुतेक पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ सगळी 24 तासांत दिसतात. ‘टाकी उचलली म्हणून खांदा दुखतोय’ हे कारण प्रत्येकाला पटतं आणि म्हणूनच उशीर होतो. माणसाला आडवं झोपवा, मिळेल तितका शुद्ध ऑक्सिजन द्या, शुद्धीत असेल तर पाणी पाजा, आणि बरं वाटलं तरी परत पाण्यात नेऊ नका. किनाऱ्यावर 108 ला फोन करा, समुद्रात असाल तर भारतीय तटरक्षक दलाचा 1554. खरा उपचार दाबकक्षात होतो. तिथे पुन्हा दाब वाढवून, ऑक्सिजन देऊन, काही तासांत बुडबुडे विरघळवतात. नौदलाकडे असे कक्ष आहेत. शहरातल्या रुग्णालयात जखमा भरण्यासाठी असलेली ऑक्सिजनची पेटी या कामाची आहे का, हे नेण्याआधी फोनवर विचारा.

आणि घरी परतल्यावर, इंदूरच्या दवाखान्यात बसलेले असाल, तर डॉक्टर ‘काय खाल्लं होतं’ विचारतील, ‘पाण्याखाली गेला होतात का’ हे बहुधा विचारणार नाहीत. तेव्हा दवाखान्यात जाण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहून ठेवा: किती मीटर खाली गेलो, किती मिनिटं, किती वेळा, आणि शेवटचं वर आलो ते कोणत्या तारखेला, किती वाजता. तो कागद त्यांच्या हातात द्या. दाबकक्षातल्या डॉक्टरांचा फोन लागला की पहिले प्रश्न हेच असतात.